मिठाची टेकडी

"हे मी शपथेवर सांगितलं तरी तुम्ही विश्वास ठेवणार नाही," म्हातारा बुर्डा म्हणाला, "आणि ठेवलात, तर तुमच्याइतके भोळे तुम्हीच."

गुरांच्या लिलावाचा दिवस होता, पण लिलाव बंद पडला होता. मार्चचा वारा असा सुटला होता, की पुकारणाऱ्याची हाळी त्याच्याच तोंडात परत जात होती. म्हणून सगळे शेजारच्या मॉडच्या हॉटेलात येऊन बसले होते. आमची काउंटी आडवीतिडवी अफाट, नजर पोचेल तिथवर गवताच्या टेकड्या. माणसं मात्र एका हॉटेलात मावतील एवढीच. खिडकीच्या फटीतून वाळू आत येत होती. मॉड टेबल पुसायची, कॉफी ओतायची, आणि वळून बघेपर्यंत टेबलावर परत पिवळा थर धरलेला असायचा.

बुर्डाची एक खोड सगळ्यांना माहीत होती. खरं सांगत असला की तो ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. थाप मारायची असली की मान वर करून छताच्या पंख्याकडे बघायचा, जणू पुढचा मजकूर पात्यांवर लिहिलेला आहे. बिचाऱ्याला स्वतःला हे ठाऊक नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं. एवढी सोय कोण हातची घालवेल?

"एमिलचं सांगणार असशील तर नीट सांग," कोपऱ्यातून ओटिली म्हणाली. ओटिली एमिल कोटासची शेजारीण. शेजारीण म्हणजे मध्ये तीन टेकड्या आणि एक तळं. "रविवारच्या वादळापासून तो कोणाला दिसलेला नाही. चेष्टेचा विषय नाही हा."

"चेष्टा कोण करतंय?" बुर्डा तिच्याकडे सरळ बघत म्हणाला, आणि त्यानं सुरुवात केली.

एमिलला जमीन कळत नव्हती असं कोणी म्हणू नये. त्याच्या आजोबांनी इथली माती खाल्ली होती. खरोखर खाल्ली होती; घर बांधायच्या आधी चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली होती. एमिलला लहानपणापासून माहीत होतं, की ही जमीन म्हणजे जमीन नव्हेच. दुधावर साय धरावी तशी वाळूवर गवताची साय धरलेली आहे. चार बोटं काळी माती, तीही निळ्या देठाच्या गवताच्या मुळांनी गच्च विणलेली, आणि तिच्याखाली वाळू. किती वाळू? विहीर खणणाऱ्याला विचारा, तो हात जोडेल. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात पाणी वर येतं, तिथं कमरेएवढं गवत होतं, वैरण निघते. टेकडीवर मात्र जे काही आहे ते सायीवर आहे. साय फाटली, की वारा बोट घालतो. मग हात घालतो. मग आत उतरून राहायलाच येतो. याला आपल्याकडे टेकडी फुटली म्हणतात, आणि ज्याची टेकडी फुटते त्याच्याकडे लोक, घरात कोणी आजारी असावं, तशा आवाजात चौकशी करतात.

म्हणून तर इथं कोणी नांगर धरत नाही. म्हणून टेकडीवर गाडी चढवताना कालच्या चाकोरीत आज चाक घालत नाहीत. आणि म्हणूनच गुरांसाठी मिठाचा ठोकळा ठेवायचा, तो संपला की पुढचा तिथंच ठेवायचा नाही, दुसरीकडे न्यायचा. गुरं मिठाभोवती गोल करून तासन्‌तास उभी राहतात, खुरांनी साय तुडवतात. हे वासरालाही कळतं.

एमिललाही कळत होतं. पण त्याची बायको अर्लिस मेली.

अर्लिस गुरांशी फार बोलायची आणि एमिलशी कमी. कारण विचारलं तर म्हणायची, गुरं ऐकतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिला छातीची सर्दी झाली, रस्ते बर्फानं बुजलेले, डॉक्टर पोचला तेव्हा त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चर्चपर्यंत नेता येईना, म्हणून एमिलनं तिला घरामागच्या टेकडीवरच पुरलं, चार खांब रोवून तारेचं कुंपण घातलं. उन्हाळ्यात त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, तर सगळी गुरं खाली तळ्याकाठी चरताहेत आणि वर टेकडीवर अर्लिस एकटी. जन्मात ती बाई गुरांशिवाय एक दुपार राहिली नव्हती.

त्यानं मिठाचा ठोकळा खांद्यावर घेतला आणि कुंपणापासून थोड्या अंतरावर नेऊन ठेवला. संध्याकाळपर्यंत गुरं वर गेली. गोल करून उभी राहिली. एमिलनं खिडकीतून बघत बघत जेवण केलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याचं ताट रिकामं झालं.

तो ठोकळा संपल्यावर त्यानं दुसरा तिथंच ठेवला.

"मीठ कुठं ठेवलंयस रे?" ओटिलीनं एकदा कुंपणापाशी गाडी थांबवून विचारलं.

"टेकडीवर."

"आणि मागच्या खेपेला?"

"टेकडीवरच."

"एमिल, तुझं डोकं फिरलंय का? दुष्काळ चाललाय. एक पाऊस धड नाही. साय फाटली तर कोण शिवणार आहे?"

"तिला सोबत होते," एमिल म्हणाला.

यावर ओटिलीला काही बोलता आलं नाही. आणि ओटिलीला बोलता येत नाही हे आपल्या काउंटीत फारसं घडत नाही.

"ते खरंय," हॉटेलच्या कोपऱ्यातून ओटिली म्हणाली. "नाही बोलले. बोलायला हवं होतं."

साय फाटलेली पहिल्यांदा दिसली तेव्हा भोक टोपीखाली झाकेल एवढं होतं. एमिलनं खरंच डोक्यावरची टोपी काढून झाकून बघितलं. टोपी उचलली तेव्हा ते टोपीपेक्षा मोठं होतं.

आठवड्यानं तिथं घंगाळ मावलं असतं, पाऊस न पडलेल्या सप्टेंबरात गाडी मावली असती, आणि थंडीच्या तोंडाशी अख्खा गोठा. खड्ड्याच्या कडेनं गवताची मुळं झालरीसारखी लोंबायची. वारा आत उतरून गोल फिरायचा आणि आवाज यायचा, माणूस झोपेत काहीतरी सांगू बघतो पण शब्द फुटत नाही, तसा. एमिलच्या कुत्र्यानं त्या बाजूला जाणं सोडलं. गुरं मात्र जायची. ठोकळा केव्हाच खड्ड्यात गडप झाला होता, तरी गुरं कडेला उभी राहून वाळू चाटायची.

फुटलेली टेकडी बुजवायची आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. वाऱ्याला अडवेल असं काहीही टाकायचं. जुने टायर, मोडक्या खाटा, तारेची भेंडोळी, कुजकी वैरण. ओटिलीनं ट्रक भरून टायर आणून दिले.

"चांगले होते त्यातले काही," ओटिली म्हणाली. "आणि परत एकही मिळाला नाही."

"तेच सांगतोय ना," बुर्डा म्हणाला, आणि त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी एमिल बघायला गेला, तर खड्ड्यात एकही टायर नव्हता. तळाशी एक चाक पडलं होतं. लाकडी. बैलगाडीचं, आरे शाबूत, धावेला गंज नाही. त्यानं ते खेचून वर काढलं. आज ते ओटिलीच्या गोठ्याला टेकून उभं आहे, ज्याला संशय असेल त्यानं जाऊन बघावं.

मग एमिलनं मोडकी खाट टाकली. खड्ड्यानं पाळणा दिला. जुनी शेगडी टाकली, तर मातीच्या विटांच्या घरात असायची तसली शेगडी वर आली, आत राख. अर्लिसचे फाटके बूट टाकायला त्याचा हात धजेना, म्हणून स्वतःचे टाकले. सकाळी लहान मुलाचा एक बूट होता, बटणांचा, बंद केलेला.

तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल. सरकारनं फुकट जमीन वाटली होती तेव्हा माणसं आली होती इथं, नांगर घेऊन. त्यांनी साय उलटी केली, दोन वर्षं मका काढला, तिसऱ्या वर्षी वाळू उठली आणि ती माणसं निघून गेली. निघून गेली असंच आपण समजतो. जाताना कोणी पाहिलं होतं?

"ती शेगडी," एमिल ओटिलीला म्हणाला, "हात लावला तर कोमट होती."

"उन्हानं तापली असेल."

"ढग होते, ओटिली."

तेव्हा ओटिलीनंच राज्याच्या कचेरीला कळवलं आणि त्यांनी मातीचा माणूस, म्हणजे माती तपासणारा, पाठवला. तरुण, स्वच्छ बूट, हातात माणसापेक्षा उंच गिरमिट, आणि त्याला जोडून लांबवायच्या कांड्या. खड्ड्याच्या कडेशी उभं राहून त्यानं गिरमिट फिरवायला सुरुवात केली आणि वर येणारी माती गोणपाटावर ओळीनं मांडली. पिवळी वाळू, मग एक काळी रेघ. परत वाळू. परत काळी रेघ.

"ही काळी दिसते ना, कोटाससाहेब, ती कधीकाळची साय," तो म्हणाला. "तुमच्या आत्ताच्या गवतासारखंच गवत होतं इथं. टेकडी फुटली, वाळूनं ते गाडलं, वर नवं गवत आलं. मग तेही गाडलं. ही टेकडी तीनदा झोपली आणि तीनदा उठलीये."

"आणि आता चौथ्यांदा."

"तसं म्हणा."

सगळ्यात खालच्या काळ्या रेघेची माती त्यानं दोन बोटांत चोळली आणि सवयीनं जिभेला लावली. मग थुंकला. मग परत लावली. "खारट आहे," तो म्हणाला. "इथं खारट असायला नको. मिठाचं पाणी एवढ्या खोल मुरायला शंभर वर्षं लागतील."

मातीच्या माणसानं गिरमिटाच्या टोकातून एक मूळ ओढून काढलं. जमिनीखाली माणसांच्या उंचीच्या कितीतरी पट खोल, आणि ते ओलं होतं. मोडलं तर आत हिरवं. त्यानं ते खिशात घालायला घेतलं, मग विचार बदलून परत भोकात टाकलं आणि पायानं माती लोटली.

"वस्तू टाकू नका," तो गिरमिट पुसत म्हणाला. त्याचा आवाज जरा वर गेला होता. "वैरण पसरा आणि वर गुरं सोडा. खूप गुरं, एकदम. त्यांनी तुडवून वैरण वाळूत रुतवली, शेण पडलं, तर बी धरेल. कडा तेवढ्यानंच थांबेल. किती गुरं आहेत तुमच्याकडे?"

हॉटेलात खुर्च्या करकरल्या. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं.

एमिलनं कुंपणाचं फाटक उघडलं आणि त्याला बाहेर जायची वाट दाखवली. बिचाऱ्या पोराला आपलं काय चुकलं ते कळेना. ओटिलीनं त्याला गाडीपर्यंत पोचवत समजावलं, "बाळा, इथं माणसाला त्याच्या बायकोचं वय विचारलेलं चालतं. गुरं किती, हे विचारत नाहीत. तू त्याला त्याची तिजोरी उघडून दाखव म्हणालास."

आणि त्यातच सगळं अडलं. एमिलची स्वतःची गुरं पुरणार नव्हती. शेजाऱ्यांची आणायची तर प्रत्येकाला आपली सगळी गुरं एका टेकडीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभी करावी लागणार. असं मागायचं कोणाकडे? भाऊ भावाला सांगत नाही ते. एमिलनं मागितलं नाही. त्यानं वस्तू टाकणं बंद केलं, एवढंच.

पण खड्ड्याला सवय लागली होती. शुक्रवारी कुंपणाचा पहिला खांब गेला. टाकला नव्हता कोणी, आपणहून गेला. शनिवारी दुसरा. खांब होता तिथं कडा सरळ खाली तुटलेला, आणि त्या कड्यात, अर्लिसच्या उशाशी, एक काळी रेघ आडवी गेलेली.

इथं बुर्डा थांबला. कॉफीचा घोट घेतला. आणि त्यानं मान वर करून पंख्याकडे बघितलं.

"आलं," लिलाव पुकारणारा पुटपुटला, आणि दोघं-तिघं हसले. ओटिली हसली नाही, पण तिचे खांदे सैल झाले. आता पुढचं खोटं होतं. ऐकायला हरकत नव्हती.

"रविवारी सकाळी," बुर्डा पंख्याला म्हणाला, "एमिल खड्ड्यात उतरला. आणि तळाशी त्याला एक टोपी सापडली."

साधी करड्या रंगाची टोपी. डावीकडची कड वासरानं चघळलेली. आत घामाचा डाग, आणि मागं फाटलं होतं तिथं लाल दोऱ्यानं घातलेले टाके, कारण त्या दिवशी अर्लिसला करडा दोरा सापडला नव्हता. एमिलनं ती उलटसुलट करून पाहिली. त्याची स्वतःची टोपी. मग त्याचा हात हळूहळू वर गेला. टोपी डोक्यावर होती. डावीकडची कड चघळलेली. त्यानं बोटानं मागचा टाका चाचपला.

"अरे, मग त्यानं काय केलं?" मॉडनं किटली हातात धरूनच विचारलं.

त्याला कळलं. आत्तापर्यंत खड्डा जुन्यांचं देत होता. जे त्यानं गिळलं होतं ते. आता त्यानं जे गिळायचं ठरवलंय ते तो आधीच दाखवत होता. एमिल वर आला, गोठ्यातली सगळी वैरण ट्रॅक्टरवर घालून त्यानं खड्ड्यात लोटली, आणि मग आपली गुरं हाकलत वर आणली. एरवी कडेवरून काठीनं मारूनही न हलणारी गुरं त्या दिवशी एकामागून एक स्वतः उतरली. तळाशी गोल करून उभी राहिली, तोंडं आत. एमिल मधे जाऊन बसला. तिला सोबत होती तशी त्याला सोबत. मग वारा आला, रविवारचा तो वारा, ज्यानं तुमच्या पवनचक्क्यांची पाती वाकवली.

"आणि सोमवारी मी स्वतः गेलो होतो बघायला," बुर्डा पंख्यावरून नजर न काढता म्हणाला. "खड्डा नाही. कुंपण नाही. एमिल नाही. टेकडी अशी गोल, अखंड, आणि वर गुडघ्याएवढं निळ्या देठाचं गवत, एका रात्रीत आलेलं, हिरवंगार. गुरं माथ्यावर गोल करून उभी. मी जवळ गेलो तर काय, जमीन चाटताहेत. वाकून मीही बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारट! माणसाच्या घामासारखं खारट. म्हणजे दोघंही खाली आहेत, शेजारी शेजारी, आणि टेकडी मिटलीये. झोपलीये. चौथ्यांदा."

मॉडनं किटली खाली ठेवली.

"खोटं."

दार कधी उघडलं ते वाऱ्याच्या आवाजात कोणाला कळलं नव्हतं. दारात एमिल कोटास उभा होता. भुवयांपासून बुटांपर्यंत पिवळा, जणू त्याला कोणी वाळूत घोळून काढलं होतं. ओटिली उठून अर्धी उभी राहिली आणि तशीच राहिली.

"गवताची एक पात आलेली नाही, बुर्डा," एमिल म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता. "एका रात्रीत गवत येतं का कधी? माझी गुरं पुरली नाहीत. चार दिवस फिरवतोय मी त्यांना आतल्या आत. कुंपणाचा एकच खांब राहिलाय. अर्लिसच्या पेटीचा कोपरा दिसायला लागलाय."

"बस आधी," ओटिली म्हणाली. "मॉड, कॉफी दे त्याला. एमिल, आम्हाला वाटलं..."

"बसायला वेळ नाही." तो बुर्डाच्या टेबलापाशी आला आणि हातातली वस्तू टेबलावर ठेवली. "ही कोणाची आहे, कोणाला ओळखता येते का बघा. आज सकाळी तळाशी सापडली."

करडी टोपी होती. डावीकडची कड चघळलेली. मागं लाल दोऱ्याचे टाके. तिच्या घडीतून वाळू निघून टेबलावर बारीक रेघ धरत होती.

सगळ्यांनी टोपीकडे बघितलं, आणि मग एमिलच्या डोक्याकडे. एमिलच्या डोक्यावर टोपी होती.

बुर्डाची मान सवयीनं वर जायला निघाली, आणि अर्ध्यात थांबली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पंख्यावर काही लिहिलेलं दिसत नव्हतं. "हे मी..." तो म्हणाला. "एमिल, हे तर मी आत्ता, इथं बसून..."

एमिलचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, जे त्यानं इतक्या महिन्यांत केलं नव्हतं.

"गुरं हवीत," तो म्हणाला. "सगळ्यांची. सगळी. आत्ता." मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि खाली बघत म्हणाला, "मी मोजणार नाही."